सावड आणि दत्तक: लंडनच्या शाळा कशा सावरल्या

लंडनच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळा कशा सावरल्या, असा विषय निघाला की ‘लंडन चॅलेंज’ (मागे पडलेल्या शाळा सुधारण्याचा सरकारी उपक्रम) आणि ‘अकॅडमी’ (कौन्सिलऐवजी, म्हणजे तिथल्या नगरपालिकेऐवजी, ट्रस्टकडे दिलेली सरकारी पैशावरची शाळा) ही दोन नावं हमखास एका दमात घेतली जातात. शहर तेच, वर्षंही जवळपास तीच, आणि दोन्हीकडे ‘भागीदारी’ हाच शब्द. पण पहिली सावड होती आणि दुसरं दत्तकविधान.

लंडन चॅलेंज 2003 मध्ये सुरू झालं. बर्मिंगहॅमच्या शाळांचा कारभार पाहिलेले टिम ब्रिगहाउस लंडनच्या शाळांचे आयुक्त झाले. सर्वांत मागे पडलेल्या माध्यमिक शाळांना ‘नापास’ न म्हणता ‘यशाच्या किल्ल्या’ असं नाव दिलं गेलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण शिक्का बसलेल्या शाळेत ना चांगला शिक्षक टिकत, ना पालक मूल घालत.

मुख्याध्यापकांच्या हाती एक तक्ता यायचा. त्यात साधारण सारख्याच परिस्थितीतली मुलं असलेल्या शाळांची ‘कुटुंबं’ केलेली असत. गरीब घरांतल्या मुलांना मिळणारं दुपारचं मोफत जेवण किती मुलं घेतात, माध्यमिक शाळेत येताना त्यांची तयारी कुठवर होती, असं सगळं त्यात धरलेलं. आपल्यासारखीच मुलं घेऊन दुसरी शाळा पुढे गेलेली दिसली की ‘आमच्याकडची मुलंच तशी’ ही सबब तिथेच संपायची. मग त्या शाळेत जायचं, वर्गात मागच्या बाकावर बसायचं, तास कसा घेतात ते बघायचं. तिथले अनुभवी मुख्याध्यापकही मदतीला इकडे यायचे. सावडीत शेजाऱ्याची बैलजोडी आपल्या रानात येते, पण सातबारा आपल्याच नावावर राहतो. तसं इथे शाळा कौन्सिलचीच राहायची. आणि मदतीला गेलेल्या शाळांनाही त्याचा फायदा झाला.

अकॅडमीत सातबाराच बदलतो. पहिल्या अकॅडमी 2002 मध्ये उघडल्या. प्रायोजकाचा ट्रस्ट शाळा चालवतो, पैसा थेट केंद्र सरकारकडून येतो, कौन्सिलचा शब्द चालत नाही. पूर्व लंडनमधली हॅकनी डाउन्स ही शाळा 1995 मध्ये बंद पडली होती; तिच्याच जागेवर 2004 मध्ये मॉसबोर्न अकॅडमी उभी राहिली. तिची शिस्त आणि निकाल दोन्ही देशभर गाजले. म्हणजे दत्तक वाईट असं मुळीच नाही. पण पेरणी उरकली की सावड मोडते, तसं लंडन चॅलेंज 2011 मध्ये संपलं. दत्तक कायमचं असतं.

श्रेय कोणाचं, यावर अजून वाद आहे. प्राथमिक शाळा त्याआधीच सुधारू लागल्या होत्या, स्थलांतरित कुटुंबांची शिकण्याची जिद्दही होती. पण सगळं श्रेय अकॅडमींना देणं मला पटत नाही. 1997 मध्ये टॉवर हॅम्लेट्स हा लंडनचा, बांगलादेशी कुटुंबांची मोठी वस्ती असलेला भाग इंग्लंडच्या 149 शिक्षण प्राधिकरणांत शेवटचा होता. तो वर आला तो मुख्यतः कौन्सिलच्याच शाळांच्या बळावर.

आपल्याकडे 2023 मध्ये ‘दत्तक शाळा योजना’ आली. देणगीदारानं 5 किंवा 10 वर्षं वस्तू आणि सेवा द्यायच्या, शाळेला आपलं नाव जोडता येईल, कारभारात मात्र ढवळाढवळ नाही. नाव दत्तकाचं असलं तरी शाळा घर बदलत नाही, हे चांगलंच. पण शेजारच्या चांगल्या शाळेतला गणिताचा शिक्षक आपल्या वर्गात येऊन उभा राहील, अशी सोय त्यात नाही, आणि मला तीच उणीव सर्वांत मोठी वाटते.