आधी फूल, मग पान : स्थानिक झाडांच्या बागेची पार्श्वभूमी

बागेत कुरतडलेलं पान दिसलं की हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. मधमाश्या-फुलपाखरांसाठी स्थानिक झाडं लावायची ओढ आज अनेकांना आहे. पण अशा बागेत कुरतडलेलं पान हवंच असतं, हे उमगायला फुलाचं गुपित कळल्यानंतरही जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली.

फुलाचं कोडं आधी सुटलं. १७८७ च्या उन्हाळ्यात क्रिस्टियान कॉनराड श्प्रेंगेल हे जर्मन शिक्षक रानजिरेनियमचं फूल न्याहाळत होते. पाकळीच्या बुडाशी त्यांना बारीक, मऊ लव दिसली. निसर्गानं एक केसही उगाच दिला नसेल, अशा विश्वासानं ते पाहत राहिले. लवेखाली मकरंदाचे थेंब होते आणि लवेमुळे पावसाचं पाणी त्यात मिसळत नव्हतं. मग हा मकरंद एवढा जपून ठेवलाय कुणासाठी? कीटकांसाठी, आणि त्या बदल्यात ते पराग वाहून नेतात. हे सगळं त्यांनी १७९३ मध्ये छापलं, पण समकालीनांनी फारशी दखल घेतली नाही. १८४१ मध्ये ते पुस्तक डार्विनच्या वाचनात आलं, तेव्हा कुठे त्याचं मोल झालं.

दरम्यान बागा उलट्या दिशेनं निघाल्या होत्या. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत बंद केला. पतंग बाहेर येताना त्यांना पाहायचा होता. पण मातीतून नेच्याचा कोंब फुटला आणि बंद बाटलीतही तो तगला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतली रोपं लंडनहून सिडनीला सुखरूप पोहोचली. एरवी लांबच्या समुद्रप्रवासात बहुतेक रोपं मरून जात. आता एका खंडातलं झाड दुसऱ्या खंडाच्या वाफ्यात सहज रुजू लागलं. कीटकाच्या कुतूहलातून निघालेल्या या पेटीनं झाडांना त्यांच्या कीटकांपासून हजारो मैल दूर नेलं, याची मला फार हळहळ वाटते. १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट निघालं आणि एकसारखी हिरवळ ही बागेची शोभा ठरली.

रानातल्या झाडांना बागेत मान देणारे थोडेच होते. शिकागोच्या युनियन पार्कमध्ये बागरचनाकार जेन्स जेन्सन यांनी लावलेली परदेशी झाडं तिथल्या मातीत टिकेनात. तेव्हा त्यांनी आसपासच्या माळरानावरून रानफुलं आणून १८८८ मध्ये वेगळी बाग उभी केली. या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. नाझी जर्मनीत काही बागरचनाकारांनी देशी झाडांचा आग्रह वंशशुद्धीच्या विषारी कल्पनेशी जोडला. म्हणूनच झाड कुठलं यापेक्षा त्यावर कोण जगतं, हा निकष मला रास्त वाटतो.

तो निकष विज्ञानानं दिला १९६४ मध्ये. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी फुलपाखरांच्या अळ्या कोणती पानं खातात याची माहिती जुळवून पाहिली. झाडं पानात विष साठवतात. पिढ्यान् पिढ्या त्याच झाडांवर वाढलेल्या अळ्या ते पचवायला शिकतात आणि मग त्याच कुळाला बांधल्या जातात. मोनार्क फुलपाखराच्या अळीला मिल्कवीड या विषारी चिकाच्या झाडाचंच पान लागतं. याउलट, चीनमधून युरोपात गेलेल्या बडलिया या झुडपाच्या फुलांच्या तुऱ्यांवर फुलपाखरं गर्दी करतात, पण तिथल्या फार थोड्या अळ्या तिची पानं खातात. मेजवानी आहे, पण पाळणाघर नाही.

साध्या घराच्या बागेत किती जीव मावतात, हे जेनिफर ओवेन यांनी मोजून दाखवलं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, घराभोवतीच्या छोट्याशा बागेत त्यांनी १९७२ पासून ३० वर्षं नोंदी ठेवल्या. एकूण २,६७३ जाती सापडल्या आणि त्यांतले बहुतांश कीटक होते. त्यांच्या बागेत परदेशी झाडंही होती, हेही सांगायला हवं.

मग स्थानिक झाडं किती असावीत? वॉशिंग्टन परिसरातल्या अंगणांमध्ये कॅरोलायना चिकडी या चिमणीहूनही लहान पक्ष्याचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पक्ष्याला एक वीण वाढवायला हजारो अळ्या लागतात. ज्या अंगणांत परकी झाडं ३० टक्क्यांहून जास्त होती, तिथे चिकडींची संख्या टिकेना. पिल्लांच्या चोचीत घालायला अळ्याच पुरत नव्हत्या.