अर्थसंकल्पीय तरतूद : शिक्षण व सामाजिक सेवा (महाराष्ट्र)

शाळा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, पोषण आहार, निराधारांचे अनुदान यांवर खर्च करण्यासाठी राज्य विधिमंडळ दरवर्षी मंजूर करते ती रक्कम. लेखाशीर्षांच्या (खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या ठरावीक हिशेबी क्रमांकांच्या) वर्गीकरणात शिक्षणही ‘सामाजिक सेवा’ या क्षेत्रातच मोडते : सर्वसाधारण शिक्षण २२०२, मागासवर्गीयांचे कल्याण २२२५, सामाजिक सुरक्षा व कल्याण २२३५.

अर्थमंत्र्यांच्या भाषणातला आकडा ही सुरुवात असते. विभागवार अनुदानाच्या मागण्या आणि खर्चाला परवानगी देणारे विनियोजन विधेयक मंजूर झाल्याखेरीज एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, रुपयाही काढता येत नाही. त्यानंतर वित्त विभाग ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने मोकळा करतो आणि देयके कोषागारात जातात. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. म्हणून एखाद्या खात्याची खरी स्थिती पाहायची तर चालू अंदाजाशेजारी सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, हे दोन्ही रकाने वाचावेच लागतात.

शालेय शिक्षणाच्या तरतुदीतला सर्वांत मोठा वाटा पगाराचा. जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक परिषदेचा कर्मचारी असला, तरी त्याचे वेतन राज्याच्या अनुदानातून होते. खासगी अनुदानित शाळांना वेतन अनुदान मिळते. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यांसाठीचे वेतनेतर अनुदान त्या मानाने फारच तुटपुंजे. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या, शाळांपुढचा ‘कायम’ शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि पुढे त्यांना २० टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देण्याचे धोरण आले. एका टप्प्याचा निर्णय लांबला, की तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या शिक्षकाचे आणखी एक वर्ष जाते. मुंबईच्या आझाद मैदानावर हे शिक्षक पुन्हा पुन्हा का बसतात, ते यावरून कळते. समग्र शिक्षा अभियान या केंद्र पुरस्कृत शालेय योजनेत केंद्र व राज्याचा हिस्सा ६०:४० असतो.

महाराष्ट्राने सामाजिक खर्चासाठी स्वतःचे करही उभे केले. १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आला. १९७५ चा व्यवसाय कर तर रोजगार हमी योजनेसाठीच बसवला गेला : शहरातल्या पगारदाराकडून कापलेल्या पैशातून दुष्काळी गावात बंधारा किंवा रस्ता खणणाऱ्याला मजुरी, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर राज्याची. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क दिला, तो या आर्थिक पायावर. देशाच्या रोजगार हमी कायद्याच्या जवळजवळ तीन दशके आधीची ही रचना राज्याच्या अर्थकारणातली मोठी कामगिरी मानली पाहिजे.

अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे तत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात हे प्रमाण अनुक्रमे ११.८ आणि ९.४ टक्के. डी. एम. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर आदिवासींसाठीचा निधी विखुरलेल्या खात्यांऐवजी आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्यात आला. हीच पद्धत पुढे इतर राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवली गेली. अडचण निधी वळवण्याची आहे. २०२४ मध्ये महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाल्यावर सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांचा निधी तिच्याकडे वर्ग केल्याचा वाद २०२५ मध्ये उभा राहिला. अविभाजित आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीला कायद्याचे संरक्षण दिले होते. महाराष्ट्रातील दलित व आदिवासी संघटना तशाच कायद्याची मागणी करत आल्या आहेत.