भट्टीचा आलेख हेलकावे का खातो?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतीव भागांना ताणमुक्त करणारी, म्हणजे तापवून त्यांच्यातला अंतर्गत ताण घालवणारी, विजेची भट्टी घ्या. कंट्रोलरवर ५५० अंश लावले आहेत, पण आलेखाची रेघ कधी ५३५ वर बसते, कधी ५७० वर चढते. दिवसभर तीच लाट. पहिला संशय हीटरवर जातो, मग जास्त ताकदीची कॉइल बसवली जाते आणि लाट आणखी उंच होते. बहुतेक वेळा खरं कारण हीटर नसून उशीर हे असतं.

कॉइल तापते, तिच्यामागची वीट तापते, मग हवा, मग नळीतला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी). त्याचं टोक जाड सिरॅमिकच्या नळीत असेल, किंवा नळीच्या तळाला न टेकता मध्येच लोंबत असेल, तर बातमी आणखी उशिरा पोचते. कंट्रोलरला ५५० झाल्याचं कळतं तेव्हा विटेत उष्णता साठलेली असते. वीज बंद झाल्यावरही वीट ती देत राहते आणि पारा चढतच राहतो. उतरतानाही हाच उशीर, फक्त उलट्या दिशेनं. जुन्या बातमीवर आज केलेली दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचते, आणि ती जेवढी जोरकस तेवढी लाट मोठी.

गुऱ्हाळावरचा गुळव्या हे जाणून असतो. रसात पाणी भरपूर असतं तोवर चुलवाणातली उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान सावकाश सरकतं. पाक घट्ट होत आला की वाफ व्हायला पाणीच उरत नाही, उत्कलनबिंदू वर सरकत जातो आणि तापमान भरभर चढतं. ढेपेचा गूळ साधारण ११६ ते ११८ अंशांवर उतरतो. त्या क्षणी जाळ ओढून उपयोग नाही, कारण चुलवाणाच्या भिंती तापलेल्याच असतात आणि पाक करपून गूळ काळपट पडतो. म्हणून चिपाडं घालणं आधीच कमी होतं. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी बसते, बुडबुड्यांचा आकार किती वेगानं बदलतो, यावर त्याची नजर असते. पारा कुठं आहे यापेक्षा तो किती वेगानं चाललाय हे बघून आधीच हात आखडता घेणं, यालाच नियंत्रण अभियांत्रिकीत डेरिव्हेटिव्ह म्हणतात.

या रोगाचं गणित पहिल्यांदा मांडलं गेलं ते दुर्बिणीसाठी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकलांनी सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरूचं बिंब मोठ्यात मोठं ५० विकलांच्या आसपास दिसतं, म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर ते तीन-चार सेकंदांत स्वतःच्या रुंदीएवढं सरकतं. त्यासाठी दुर्बीण घड्याळाच्या यंत्रानं फिरवायची आणि त्याचा वेग फिरत्या गोळ्यांच्या नियंत्रकानं एकसारखा राखायचा. ग्रिनिचचे राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी यांना आढळलं की सावरणारा हा नियंत्रकच कधीकधी बेभान होतो. १८४० मध्ये त्यांनी त्या गतीची विकलक समीकरणं, म्हणजे बदलाच्या वेगाची समीकरणं, मांडली.

पुढचं पाऊल जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचं. शनीची कडी टिकून कशी राहतात, या प्रश्नावर त्यांनी १८५९ मध्ये निबंध छापला. एकसंध घन कडं जरासा धक्का बसताच शनीवर आदळेल, म्हणून ती असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८९५ मध्ये जेम्स कीलर यांनी वर्णपटावरून दाखवलं की कड्यांचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगानं फिरतो, आणि निष्कर्षाला पुरावा मिळाला. धक्का दिल्यावर हेलकावा विरेल की वाढेल, हाच प्रश्न मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये यंत्रांच्या नियंत्रकांना विचारला. शनीच्या कड्यांना आणि वाफेच्या इंजिनाला एकच कसोटी लागू पडावी, ही विज्ञानातली फार सुंदर गोष्ट आहे.

आता भट्टीकडे. कंट्रोलरचे आकडे जुळवण्याची झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ ची रीत अजून कामाला येते. आधी वेगळा अतितापमान कटआउट (तापमान फार चढलं की वीज तोडणारा) चालू आहे याची खात्री करा. भट्टी नेहमीच्या तापमानाजवळ आणा, कारण २०० अंशांवर जुळवलेले आकडे ५५० ला चालत नाहीत. इंटिग्रल (साचलेल्या चुकीवरून होणारी दुरुस्ती) आणि डेरिव्हेटिव्ह बंद ठेवा. प्रपोर्शनल बँड, म्हणजे ज्या पट्ट्यात वीज चुकीच्या प्रमाणात कमी-जास्त होते तो, थोडा थोडा अरुंद करत जा. एका टप्प्यावर लाट वाढतही नाही, विरतही नाही. समजा तेव्हा बँड १२ अंश आहे आणि एका लाटेला ८ मिनिटं लागतात. मग बँड १२ भागिले ०.६, म्हणजे २० अंश. इंटिग्रल वेळ लाटेच्या निम्मी, ४ मिनिटं. डेरिव्हेटिव्ह एक अष्टमांश, १ मिनिट. या आकड्यांनी पारा सुरुवातीला थोडा पुढं जातोच. माल नाजूक असेल तर बँड अजून रुंद करा.

थंड भट्टी सुरू करताना आणखी एक घोळ होतो. पारा वर येईपर्यंत तासन्‌तास चूक साचत राहते, इंटिग्रल फुगतं आणि ५५० ओलांडल्यावरही हीटर सुटत नाही. तापमान ठरावीक दरानं चढवलं आणि बँडमध्ये शिरल्यावरच इंटिग्रल सुरू होऊ दिलं, तर हे टळतं. एक तपासणी मात्र सगळ्यांच्या आधी करा: थर्मोकपलची तुटलेली कॉम्पेन्सेटिंग वायर (त्याला कंट्रोलरशी जोडणारी खास मिश्रधातूची तार) कुणी साध्या तांब्याच्या वायरीनं जोडली असेल, तर आकडाच खोटा येतो. मग कितीही ट्यूनिंग करा, व्यर्थ.

मधमाश्यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. पोळ्यातली पिल्लं ३३ ते ३६ अंशांतच नीट वाढतात. कोषावस्थेत ३२ अंशांवर वाढवलेल्या युरोपीय माश्या पुढे स्मरणशक्तीत आणि नाचून दिशा सांगण्यात मागे पडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. उकाडा वाढला की माश्या पंखांनी वारा घालतात, पाण्याचे थेंब आणून पसरतात. गारठा पडला की पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब देतात. हुकूम देणारं कुणी नाही. सगळ्यांनी एकाच अंशाला एकदम वारा घालायला घेतला असता, तर पोळंही आपल्या भट्टीसारखं डोललं असतं.

ते डोलत नाही, कारण राणी अनेक नरांशी मीलन करते. वेगवेगळ्या बापांच्या लेकी वेगवेगळ्या तापमानाला कामाला लागतात: थोड्या आधी, थोड्या नंतर, काही अगदी शेवटी. त्यामुळे वारा उकाड्याच्या प्रमाणात वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये एकाच बापाच्या माश्यांची पोळी आणि नेहमीची पोळी शेजारी ठेवून मोजली. एकाच बापाच्या पोळ्यांत तापमान जास्त वरखाली होत होतं.

फक्त चालू-बंद करणारे साधे कंट्रोलर असलेल्या भट्टीतही हे करता येतं. हीटरचे तीन गट करा आणि त्यांना ५४६, ५४९ आणि ५५२ असे वेगवेगळे आकडे लावा. पारा चढताना गट एकेक करून सुटतात, सगळी ताकद एकदम तुटत नाही. माल किती भरलाय त्यानुसार पारा पाच-सहा अंशांच्या पट्ट्यात कुठेही स्थिरावेल, बरोबर ५५० वर बसेलच असं नाही. पोळ्यातही तो एका आकड्यावर नसतो, पट्ट्यातच असतो.