फेनिटॉइनचं वाकडं गणित

रोज तीन गोळ्या चालू असूनही अधूनमधून फिट येतेच, म्हणून चौथी सुरू झाली. फिट थांबली खरी, पण दोन-तीन आठवड्यांत माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला. जीभ जड झाली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. घरचे म्हणतात, गोळी उष्ण पडली. उष्ण-थंडाचा इथे काही संबंध नाही. जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने एवढा फरक कसा पडतो, हे यकृताला विचारायला हवं.

औषध आहे फेनिटॉइन, आपल्याकडे बरेच जण एप्टॉइन म्हणून ओळखतात ते. १९०८ साली हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं, आणि त्याने झटके आवरतात हे १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पटनम या डॉक्टरांनी दाखवलं. अपस्मारात, म्हणजे फिट येण्याच्या आजारात, मेंदूतल्या पेशींचा एखादा गट एकाच वेळी, फार वेगाने विद्युत संदेश सोडू लागतो. त्यासाठी पेशीत सोडियम शिरावं लागतं. ज्या सोडियम वाहिन्या सारख्या उघडमीट करत असतात, त्यांना फेनिटॉइन जास्त काळ मिटलेलं ठेवतं. शांत चाललेल्या पेशींना त्याचा जाच कमी.

खरी गंमत पुढे आहे. बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं: डोस दुप्पट केला की रक्तातली पातळी दुप्पट. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडण्याचं काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी२सी९ हे विकर (एन्झाइम) करतं, आणि उपचाराच्या नेहमीच्या डोसातच त्याची क्षमता संपत आलेली असते. टोलनाक्यावर ठरावीक खिडक्या असतात; गाड्या त्या क्षमतेच्या जवळ पोचल्या की थोड्याच गाड्या वाढून रांग मात्र मैलभर लांबते, तसंच हे.

आकडे घालून पाहू. समजा, एका रुग्णाचं यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४५० मिग्रॅ औषध मोडू शकतं, आणि रक्तात लिटरमागे ४ मिग्रॅ असताना त्याच्या निम्म्या वेगाने. स्थिरावलेली पातळी काढायची तर डोसला ४ ने गुणायचं आणि ४५० मधून डोस वजा करून उरेल त्याने भागायचं. ३०० मिग्रॅला पातळी येते ८. ३५० ला १४. आणि ४०० ला? थेट ३२! उपयुक्त पट्टा साधारण १० ते २० चा. वीसच्या वर बुबुळं थरथरू लागतात, तिशीच्या वर तोल जातो, चाळिशीच्या वर गुंगी. माणसागणिक हे थोडं पुढेमागे होतं. आपल्या रुग्णाला हवी होती अर्धी गोळी. म्हणूनच पातळी पट्ट्याजवळ आली की डॉक्टर २५ ते ५० मिग्रॅनेच डोस वाढवतात. हेच गणित उलटंही चालतं: 'आता बरं वाटतंय' म्हणून रोजची अर्धी गोळी परस्पर कमी केली, तर १४ ची पातळी ८ वर उतरते. औषध एकदम बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

(फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणाऱ्यांचं फावतं ते एवढ्यासाठी, की बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात. रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटं उलटली तर दवाखाना गाठावा.)

फेनिटॉइनचं गणित इतकं निसरडं असल्याने बारीक बदलही भोवतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास अनेक रुग्णांना एकाएकी विषबाधेची लक्षणं दिसली. डोस तोच होता. कॅप्सूलमधला भराव मात्र कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोजचा झाला होता, त्यामुळे औषध जास्त शोषलं जात होतं. तेव्हा औषधाची कंपनी दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नये. पातळ औषधाची बाटली नीट हलवावी, नाहीतर वरचे डोस फिके आणि तळाचे जहाल होतात. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने फेनिटॉइन मोडण्याचं काम मंदावतं, रिफाम्पिसिन त्याला वेग देतं. दोन्ही एकत्र चालू असतील तर अंदाज न बांधता रक्त तपासावं. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने पातळी चढते. गर्भनिरोधक गोळीचा असर फेनिटॉइन कमी करतं, हे लग्न झालेल्या मुलींना कितीदा सांगितलं जातं कोण जाणे.

डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला दोन-तीन आठवडेही लागतात. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त सकाळच्या गोळीआधी द्यावं. रिपोर्ट वाचतानाही एक खोच आहे. रक्तातलं ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि काम करतं ते उरलेलं मोकळं. कुपोषणात किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत अल्ब्युमिन घटतं. रिपोर्टातला आकडा मात्र दोन्हींच्या बेरजेचा असतो, म्हणून तो कमी दिसला तरी मोकळं औषध पुरेसं असू शकतं. अशा वेळी अल्ब्युमिनच्या आकड्याला (डेसिलिटरमागे ग्रॅममधल्या) ०.२ ने गुणून त्यात ०.१ मिळवायचे आणि येईल त्याने पातळीला भागायचं. अल्ब्युमिन २ आणि रिपोर्टात पातळी ८ असेल, तर भाजक ०.५, म्हणजे पातळी १६ धरायची. (मूत्रपिंड निकामीच झालं असेल तर हे सूत्रही अपुरं पडतं.) नुसता ८ चा आकडा पाहून अशा रुग्णाचा डोस वाढवला, तर झोकांड्या ठरलेल्याच.