किरकोळ डेंट आणि विम्याचा क्लेम

घोडबंदर रोडच्या कोंडीत मागून बसलेला हलका धक्का, नौपाड्याच्या गल्लीत दाराला घासून गेलेली रिक्षा, वाशीत सोसायटीच्या खांबाला लागलेला बंपर. अशा वेळी स्वतःच्या विम्यातून क्लेम घ्यायचा की डेंटिंग-पेंटिंगचा खर्च खिशातून करायचा, हे ठरवावे लागते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा प्रश्नच येत नाही. त्यात आपल्या गाडीची भरपाई नसते.

गॅरेजवाला सहसा फाइल चार्ज तेवढा सांगतो. क्लेममधला मालकाचा हा सक्तीचा वाटा १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये असतो. शिवाय झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण, घेतलेले नसेल, तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो.

खरा फटका नो क्लेम बोनसचा. ओन डॅमेज हप्त्यावरची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावरची, ही सूट क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर पोचते. एक क्लेम घेतला की नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि चढण पुन्हा पायथ्यापासून सुरू होते. समजा, सध्या ३५ टक्के सूट आहे. क्लेम घेतल्यास पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट बुडते. सूट वजा करण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता ८००० रुपयांवर स्थिर धरला, तर एकूण ९६०० रुपये गेले. दाराच्या रंगकामाचे बिल ६००० असेल, तर क्लेम न घेणेच शहाणपणाचे. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला तोटा थोडा कमी भरतो. क्लेमनंतरही बोनस राखणारे बोनस प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन (जादा संरक्षण) असेल, तर त्याच्या अटींप्रमाणे हिशेब बदलतो.

त्याच वर्षी आधी एक क्लेम झालेला असेल, तर बोनस गेलेलाच असतो. मग फाइल चार्ज आणि घसारा वजा जाता उरणारी रक्कम सोडू नये. मात्र झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात, ते पॉलिसीत पाहावे.

वर्षभराचे ओरखडे साठवून एकाच अपघातात दाखवण्याची सवय धोक्याची आहे. प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा, फाइल चार्जही वेगळा. खोट्या माहितीवर क्लेम नाकारला जातो.

अंदाजपत्रक बंपर उतरवूनच घ्यावे. वरून नुसता ओरखडा दिसतो, आत सेन्सर किंवा ब्रॅकेट मोडलेले असते. आणि धक्क्यात कुणाला दुखापत झाली असेल, तर रक्कम न पाहता विमा कंपनीला लगेच कळवावे.