अध्यापकांच्या अतिरिक्त कामाचा गौरव

महाविद्यालयातील अध्यापकाने तासिका, प्रात्यक्षिके आणि परीक्षा या नेमून दिलेल्या कामापलीकडे जे काम केले, त्याची संस्थेने, विद्यापीठाने किंवा शासनाने घेतलेली दखल. ही दखल कधी मानधनाच्या, कधी पदोन्नतीच्या, कधी रजेच्या किंवा कार्यभारातील सवलतीच्या रूपाने घेतली जाते. बहुतेक वेळा ती शाल, श्रीफळ आणि गौरवचिन्हाच्या रूपाने येते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या विषयाला वेगळे वजन आहे. इथली महाविद्यालये ठरल्यापेक्षा जास्त देणाऱ्या माणसांनी उभी केली, आणि म्हणूनच जास्तीचे काम मोजावे की नुसते मानावे हा प्रश्न इथे वारंवार उभा राहतो.

नेमून दिलेले किती, जास्तीचे किती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा असतो आणि तो वर्षातले ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापन दिवस चालतो. त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापकाला व प्राध्यापकाला १४. उरलेले तास तयारीसाठी, तपासणीसाठी, संशोधनासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी धरलेले आहेत. 'विद्यार्थ्यांसाठी' या एका शब्दात किती काम मावते, हे मात्र कोणत्याही नियमाने सांगितलेले नाही.

वसतिगृहातल्या मुलाला रात्री ताप भरला तर त्याला सिव्हिलमध्ये नेणारा रेक्टर हा सकाळी पहिला तास घेणारा प्राध्यापकच असतो. युवा महोत्सवाच्या आधी महिनाभर एकांकिकेच्या तालमी संध्याकाळी सातनंतर रंगतात आणि लोकनृत्याच्या संघाला घरी सोडण्याची जबाबदारी कुणातरी मॅडमची असते. जूनमध्ये प्रवेशासाठी गावोगाव फिरणे, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, भेटीआधी पाच वर्षांची कागदपत्रे लावणे, गुणवत्ता हमी कक्षाचा वार्षिक अहवाल भरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणे ही कामेही त्याच माणसांकडे येतात. परीक्षेचे काम तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ने प्रत्येक अध्यापकावर बंधनकारकच केले आहे, त्यामुळे ते जास्तीचे म्हणता येत नाही. महाविद्यालय स्वायत्त झाले, की प्रश्नपत्रिका काढण्यापासून निकाल लावण्यापर्यंतचा सगळा भार घरचाच होतो. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय मिळून २०२१मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. अशा बदलात अभ्यास मंडळे आणि परीक्षा विभाग यांची उभारणी करायला वेगळी माणसे येत नाहीत. शिकवणारी माणसेच ती करतात.

त्यागाची परंपरा आणि तिचा हिशेब

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केले. या सोसायटीचा पाया १८८४मध्ये पुण्यात घातला गेला तो आजीव सदस्यांच्या व्रतावर. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वीस वर्षे सेवा देण्याचे बंधन पत्करले ते महिना ७५ रुपयांवर. आजीव सदस्यांनी आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेर कमाई करू नये, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. इतरांचे मत वेगळे होते. बाहेरची कमाई आणि वेतनवाढ यांवरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९०मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. अध्यापकाच्या वेळेवर कुणाचा हक्क आणि जास्तीच्या कामाचा मोबदला काय, हा वाद महाराष्ट्रात इतका जुना आहे. त्या वादातली दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, म्हणूनच तो आजही वाचण्यासारखा आहे.

साताऱ्याची वाट थोडी निराळी. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये ती साताऱ्यात आणली. छत्रपती शाहू बोर्डिंग हाउसमध्ये वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसत. बोर्डिंगची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. साताऱ्यात हा प्रसंग शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. १९४७मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. 'कमवा आणि शिका' या योजनेत विद्यार्थी शेतात व बांधकामावर राबत, आणि त्यांच्याबरोबर उभा राहणारा शिक्षक हा तिचाच भाग होता. या संस्थेत नोकरदाराला आजही 'सेवक' म्हणतात आणि आजीव सेवक हे मानाचे पद आहे. कर्मवीरांना १९५९मध्ये पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

ही परंपरा मोठी आहे, आणि ती सांगताना या भागातल्या माणसाचा आवाज आपोआप बदलतो. पण तिचा एक वापर चुकीचा होतो. एखाद्या तरुण प्राध्यापकाने सलग चौथ्या वर्षी शिबिराची जबाबदारी अंगावर घेतल्यावर कार्यभारात सवलत मागितली, तर त्याला कर्मवीरांचा दाखला ऐकवला जातो. भाऊरावांनी त्याग स्वतःच्या घरापासून सुरू केला. हाताखालच्या माणसाकडून तो वसूल करण्याची रीत त्यांच्या चरित्रातून निघत नाही. शिवाय 'कमवा आणि शिका'चे मूळ तत्त्वच असे, की केलेल्या श्रमाची किंमत श्रम करणाऱ्याच्या नावावर जमा झाली पाहिजे. विद्यार्थ्याला लावलेला हा न्याय अध्यापकाला लावायला हरकत कशाची?

पदोन्नतीच्या नियमातले स्थान

जास्तीच्या कामाला नियमात जागा मिळाली ती आयोगाच्या २०१०च्या विनियमांनी. 'एपीआय' (अ‍ॅकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर्स) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पदोन्नतीसाठीच्या त्या गुणपद्धतीत शिकवण्याला वर्षाला किमान ७५ गुण आणि सहशालेय, विस्तार व संस्थात्मक कामाला किमान १५ गुण लागत. प्रत्येक गुणाला पुरावा हवा, म्हणून प्रमाणपत्रांच्या जाडजूड फाइली तयार झाल्या. २०१८मध्ये हे गुण गेले आणि तीन शेरे आले : चांगला, समाधानकारक, असमाधानकारक. प्रशासकीय जबाबदाऱ्या, परीक्षाकार्य, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक काम, परिसंवादाचे आयोजन, संशोधन मार्गदर्शन अशा कामांपैकी किमान तीन प्रकारांत सहभाग असेल तर 'चांगला', एकदोन असतील तर 'समाधानकारक'. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगासह ही पद्धत ८ मार्च २०१९च्या शासन निर्णयाने लागू झाली.

प्राध्यापकांच्या बोलण्यात या पदोन्नतीला 'कॅस' (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) म्हणतात. कॅसच्या या रचनेत कागद कमी झाले हे खरे, पण एक मोठी उणीव राहिली. वर्षाचा एकूण शेरा 'चांगला' यायला शिकवण्यात 'चांगला' आणि इतर कामात 'समाधानकारक' एवढे पुरते. म्हणजे वर्षभरात एका समितीवर नाव असलेला आणि वसतिगृह, शिबिर, महोत्सव, नॅक असा सगळा डोलारा खांद्यावर घेतलेला, हे दोघेही एकाच रकान्यात येतात. पहिल्या कामासाठी नियम पुरेसा आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या कामासाठी तो गप्प आहे. जास्तीच्या कामाची किमान पातळी ठरवणे ही एक गोष्ट आणि त्याचा गौरव करणे ही दुसरी. आजचे नियम पहिली गोष्ट करतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उत्कृष्ट कामाला पुरस्कार, पदोन्नती आणि संस्थेच्या नेतृत्वात स्थान मिळावे असे म्हटले आहे. त्याचे नियमात रूपांतर होणे अजून गरजेचे आहे.

गौरवाचे प्रकार

सर्वांत रूढ प्रकार सत्काराचा. साताऱ्या-सांगलीकडे कर्मवीर जयंती (२२ सप्टेंबर), शिक्षक दिन, वार्षिक पारितोषिक वितरण हे त्याचे ठरलेले दिवस. विद्यार्थ्यांसमोर, घरच्यांच्या उपस्थितीत झालेला सत्कार माणूस आयुष्यभर जपतो. त्याला कमी लेखू नये. राष्ट्रीय पातळीवर २०२३पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही खुला झाला. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये असे त्याचे स्वरूप आहे.

सप्टेंबर १९६९मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेला १९९३-९४पासून स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि त्यांत कार्यक्रम अधिकाऱ्यांचाही समावेश आहे. कार्यक्रम अधिकारी म्हणजे एरवी वर्गात शिकवणारा प्राध्यापक. त्याच्याकडे साधारण १०० स्वयंसेवकांचे एकक असते. प्रत्येक स्वयंसेवकाचे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर त्याने पार पाडायचे. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शिबिरात समतल चर आणि दगडी बांध यांवर घाम गळतो, तर कृष्णाकाठच्या गावांत पुरानंतरची साफसफाई वाट्याला येते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर चिखलात उतरलेल्या मुलांबरोबर त्यांचे शिक्षक होते. त्या दिवसांना वेळापत्रकात तासिका नव्हती.

एनसीसीचे काम पाहणाऱ्या अध्यापकाला मानधनाबरोबर हुद्दाही मिळतो. पुरुष अधिकारी कामठीला आणि महिला अधिकारी ग्वाल्हेरला प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट होतात आणि पुढे बढतीही मिळते. खांद्यावर दिसणारा असा गौरव महाविद्यालयातल्या दुसऱ्या कोणत्याही जास्तीच्या कामाला नाही.

पैशापेक्षा आणि शालीपेक्षा जास्त गरज असते ती वेळेची, आणि तीच सर्वांत कमी मिळते. आयोगाच्या नियमांत विस्तारकार्यात व प्रशासनात गुंतलेल्यांना आठवड्याला दोन तासांची सूट देता येते, पण ती 'प्राध्यापक' या वरच्या पदासाठी आहे. शिबिरे आणि वसतिगृहे सांभाळणारे बहुतेक जण सहायक प्राध्यापक असतात. दीर्घ सुट्टीत कामावर बोलावले तर त्या काळाच्या एक-तृतीयांश इतकी अर्जित रजा जमा होते. हा हक्क अनेकांना निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक उघडल्यावर कळतो, कारण सुट्टीतले काम लेखी आदेशावाचून, फोनवरच्या 'सर, जरा येऊन जा' या निरोपावर होते. आदेशाचा कागद त्याच दिवशी मागून घेणे यात संकोचाचे काही नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अध्यापन, संशोधन आणि सेवा अशी कामाची तिहेरी वाटणी रूढ आहे. मोठी जबाबदारी घेणाऱ्याचा एखादा अभ्यासक्रम त्या सत्रापुरता कमी करतात. दीर्घ अभ्यासरजेची प्रथा हार्वर्डमध्ये १८८०मध्ये सुरू झाली. आपल्याकडे एखाद्या सत्रात दोन तासिका कमी करायला नवा कायदा लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्या समितीत ते ठरू शकते. अडचण येते ती रिक्त जागांमुळे. कमी केलेल्या त्या तासिका घ्यायच्या कुणी?

तासिका तत्त्वावरील अध्यापक

या प्रश्नाचे आजचे उत्तर म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापक. त्यांना घेतलेल्या तासिकांचे मानधन मिळते. कॅस त्यांना लागू नाही, अर्जित रजा नाही. तरीही महोत्सवाच्या तालमींना आणि शिबिरांना तेच पुढे असतात. वय कमी, उमेद जास्त, आणि पुढे जागा निघेल तेव्हा आपले काम कुणी लक्षात ठेवील ही आशा. काही प्राचार्य अशा कामाचा तपशील अनुभवाच्या दाखल्यात आवर्जून लिहितात. एवढे करायला पैसा लागत नाही आणि मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने ही पद्धत ठेवायला हवी. दुसरी गोष्ट मात्र पैशाचीच आहे. सात दिवसांच्या शिबिराला गेलेला असा अध्यापक त्या आठवड्यात वर्गावर जात नाही, आणि महिन्याच्या बिलात त्या आठवड्याच्या तासिका शून्य लागतात.