‘परमिट उनं’ म्हणजे काय? कॅनडातील केअरगिव्हर योजनांची पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी २०१६ साली तिच्या मुलीच्या वर्क परमिटची झेरॉक्स देव्हाऱ्यात ठेवलेली मी पाहिली होती. कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागले होते. “परमिट उनं म्हणजे काम व्हयनं,” म्हणजे परमिट आले की काम झाले, असे घरातले मोठे अहिराणीत सांगत होते. कागदावर मालकाचे नाव, कामाचे नाव आणि मुदत होती, आणि अमुक तारखेपर्यंत कॅनडा सोडणे बंधनकारक आहे अशी एक ओळही होती. ती ओळ कोणी वाचलेली नव्हती. परमिट (कामाचा तात्पुरता परवाना) आणि पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) हे दोन शब्द आपल्याकडे एकाच श्वासात उच्चारले जातात. प्रत्यक्षात घरी राहून मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे सांभाळणाऱ्या परदेशी बायकांच्या बाबतीत या दोन गोष्टी कधी एकत्र बांधल्या गेल्या, कधी तोडल्या गेल्या आणि कधी नव्या अटींनी पुन्हा जोडल्या गेल्या.

सुरुवातीला, १९५५ च्या योजनेत, कॅरिबियन बेटांवरून घरकामासाठी येणाऱ्या अविवाहित, अपत्यहीन तरुणींना येतानाच कायम वास्तव्य मिळत असे. एक वर्ष घरकाम केले की पुढे दुसरे काम शोधण्याची त्यांना मुभा होती. १९७३ पासून मात्र तात्पुरत्या परमिटवर माणसे आणण्याकडे कल वळला. जमैकाच्या सात बायकांना, येताना मुलांची माहिती दडवली या कारणावरून, देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा “काम करण्याइतक्या चांगल्या, तर राहण्याइतक्याही चांगल्या” ही घोषणा तिथल्या चळवळीत रुजली. अपत्यहीन असण्याची अट घालायची आणि अपत्य निघाले म्हणून हद्दपार करायचे, यातला अन्याय इतका उघड होता की अखेर त्यांना तिथे राहू द्यावे लागले. १९८१ च्या योजनेत दोन वर्षांच्या कामानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची वाट अधिकृतपणे खुली झाली.

त्यानंतर १९९२ ची ‘लिव्ह-इन केअरगिव्हर’ योजना आली. मालकाच्याच घरी राहायचे, २४ महिन्यांचे काम ३६ महिन्यांच्या आत पुरे करायचे आणि मग अर्ज करायचा, अशी तिची रचना होती. २०१० मध्ये हा अवधी चार वर्षांचा झाला, महिन्यांऐवजी ३,९०० तास मोजण्याचीही सोय झाली आणि प्रवासखर्च व भरतीचे शुल्क मालकाने द्यावे असा नियम आला. आपल्याकडच्या कुटुंबांनी शेत गहाण ठेवून एजंटला पैसे मोजण्याचे प्रकार त्यानंतरही थांबले नाहीत, आणि हे पैसे कायद्याने मालकाच्या खिशातून जायला हवे होते हे त्यांना कोणी सांगितले नाही.

खरा वाद आहे तो ३० नोव्हेंबर २०१४ पासून लागू झालेल्या निर्णयाचा. मालकाच्या घरी राहण्याची सक्ती त्या दिवशी संपली. बाहेर ही बातमी सुधारणा म्हणून गेली, आणि तेवढ्यापुरती ती सुधारणाच होती, कारण चोवीस तास एकाच छताखाली राहणाऱ्या बाईच्या कामाला घड्याळ उरत नाही. शासनाची बाजू अशी होती की सक्तीच्या सहवासातून शोषण होते आणि अर्जांचा अनुशेषही फार साचला आहे. मात्र त्याच निर्णयाने मुलांची काळजी आणि जास्त वैद्यकीय गरज असलेल्या व्यक्तींची काळजी असे दोन वर्ग केले आणि प्रत्येकाला वर्षाला २,७५० अर्जांची मर्यादा घातली. त्याआधी काम पुरे करणाऱ्या प्रत्येकीला अर्जाचा हक्क होता. आता मोजक्या जागांसाठी रांग लागली.

याहून गंभीर बदल शिक्षणाच्या अटीत झाला, आणि त्याकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. जुन्या योजनेत बारावीच्या तोडीचे शिक्षण आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण किंवा वर्षाचा अनुभव ही पात्रता देशात येण्याआधी तपासली जाई. जिला ती नव्हती ती निघतच नसे. २०१४ नंतर कायम वास्तव्यासाठी बारावीपुढचे किमान एक वर्षाचे शिक्षण आणि कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची पाचवी पातळी लागू लागली, आणि ही तपासणी दोन वर्षे काम केल्यानंतरच्या अर्जाच्या वेळी होऊ लागली. अट कडक करण्याचा अधिकार कोणत्याही देशाला आहे, परंतु ती दारात न सांगता दोन वर्षांनी सांगणे मला समर्थनीय वाटत नाही. धुळे-जळगावकडची जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलगी यातून बहुधा निभावून जाई. बारावीनंतर थेट रुग्णसेवेचा छोटा कोर्स करून गेलेलीचे परमिट मात्र पूर्ण वैध असूनही तिचा अर्ज अपात्र ठरे. माझ्या भाचीचे नेमके हेच झाले.

हा अन्याय पुढे शासनाने अप्रत्यक्षपणे मान्य केला. ४ मार्च ते ४ जून २०१९ या तीन महिन्यांत एक अंतरिम मार्ग खुला झाला, ज्यात एक वर्षाचा अनुभव आणि बारावीच्या तोडीचे शिक्षण पुरेसे मानले गेले. मुदत इतकी तोकडी होती की ८ जुलै ते ८ ऑक्टोबर अशी दुसरी खेप द्यावी लागली. भाचीचे शिक्षण कॅनडातल्या बारावीच्या तोडीचे असल्याचे कागद वेळेत न आल्याने तिची फाइल दुसऱ्या खेपेलाच गेली.

१८ जून २०१९ रोजी पाच वर्षांचे दोन पायलट, म्हणजे प्रायोगिक योजना, सुरू झाले, आणि इथेच ‘खुले परमिट’ या शब्दाचा घोळ सुरू होतो. या परमिटवर मालकाचे नाव नसते, त्यामुळे छळ झाला तर घर बदलता येते; पण ते व्यवसायापुरते बांधलेले असते, म्हणजे दुकानात किंवा कारखान्यात काम करता येत नाही. एजंट ‘ओपन’ एवढाच शब्द वाचून दाखवतात. या पायलटमध्ये कायम वास्तव्याचा अर्ज आधी होई आणि पात्रतेची छाननीही आधी. परमिट त्यानंतर मिळे. पती किंवा पत्नी आणि मुलांना सोबत नेता येई. २४ महिन्यांच्या अनुभवाची अट ३० एप्रिल २०२३ पासून १२ महिन्यांवर आली. जून २०२४ मध्ये हे पायलट संपले.

त्यानंतरचे पायलट ३१ मार्च २०२५ रोजी सुरू झाले. भाषेची अट चौथ्या पातळीवर उतरली, सहा महिन्यांचा अनुभव किंवा तेवढे प्रशिक्षण पुरेसे ठरले, आणि बाहेरून येणाऱ्यांना पोहोचताच कायम वास्तव्य मिळेल असे आधी जाहीर झाले होते. त्या एका वाक्यावर आपल्या भागात ‘उतरताच पीआर’ अशी पत्रके वाटली गेली आणि सहा महिन्यांच्या कोर्सची फी भरून घेतली गेली. प्रत्यक्षात त्या दिवशी फक्त कॅनडात आधीच असलेल्या कामगारांसाठी अर्ज उघडले आणि ते पहिल्याच दिवशी भरले. देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यांचा विभाग त्या दिवशी उघडलाच नाही.